मणी बघताना चामडं विसरू नका

डेन्व्हरला येणारी आपली मंडळी कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान बघायला जातात आणि येताना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, मणीकाम केलेली एखादी चामडी पिशवी हमखास आणतात. तिच्यावरून मग कोणीतरी ऐकवतंच : "मणी तर युरोपातले. ही कसली यांची परंपरा?"

मला हा आक्षेप अजिबात पटत नाही. काचेचे मणी व्हेनिस आणि बोहेमियातून आले, हे खरं. त्याआधी तिकडच्या जमाती साळिंदराचे काटे रंगवून नक्षी करायच्या. पण आपल्या नथीतले मोतीही बसऱ्याचे असायचे. नथ इराकी आहे असं कोणी म्हटल्याचं ऐकलंय?

आणि पिशवी म्हणजे मुळात चामडं हो! मणी मागाहून. कोलोरॅडो-युटाच्या डोंगरातले यूट लोक हरणाच्या मऊ कातड्यासाठी नावाजलेले होते, न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावच्या बाजारात त्याला मागणी होती. हे काम बायकांचं. कातडं खरवडायचं, त्यात जनावराचाच मेंदू चोळायचा, वाळेपर्यंत ताणत राहायचं आणि शेवटी धुरावर धरायचं. धुरी दिलेलं कातडं भिजलं तरी वाळल्यावर कडक होत नाही. एवढं झाल्यावर मग मण्यांची गोष्ट. आरीने भोक पाडायचं, पण आरपार नाही, फक्त वरच्या थरात. जनावराच्या स्नायूबंधाच्या तंतूत पाचसात मणी ओवायचे आणि ती सर दोन्ही टोकांना टाचायची. अशा सरींच्या शेजारी शेजारी पट्ट्या उभ्या राहतात. जुनी पिशवी उलटून बघितली तर आत टाका दिसत नाही. मला सगळ्यात जास्त कौतुक या न दिसणाऱ्या टाक्याचं.

या पिशव्या शोभेच्या नव्हत्याच. एकीत चकमक आणि गारगोटी, दुसरीत आरी. पुढे जमातींना राखीव प्रदेशात कोंडल्यावर सरकारी शिध्याची कार्डंही अशाच पिशव्यांतून फिरू लागली. १८८१ मध्ये यूटांच्या दोन मोठ्या गटांना कोलोरॅडोतून युटात हाकललं. त्यात यूट प्रमुख यूरेची विधवा चिपेटाही होती. ती स्वतः उत्तम मणीकाम करायची. कोलोरॅडोतल्या मॉन्ट्रोजला जिथे त्या दोघांचं शेत होतं, तिथे आज यूट संग्रहालय आहे. मेसा व्हर्डेहून गाडी थोडी वाकडी करा, पण ते चुकवू नका.

आता खरेदीचं. जमातीबाहेरच्या माणसाने केलेली वस्तू 'यूट' म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून चतुर दुकानदार लेबलावर नुसतं 'नेटिव्ह स्टाइल' लिहितात. तेव्हा सरळ विचारा, कोणी केली, कोणत्या जमातीची? उत्तर देताना दुकानदार घुटमळला तर पिशवी तिथेच ठेवा. अस्सल पिशवी महाग असते, असायलाच हवी. "थोडं कमी करा ना" तिथे तरी नको, प्लीज. परवडत नसेल तर फ्रिज मॅग्नेट घ्या, त्यात काही कमीपणा नाही.