मोजणीत एक माणूस कमी

मुंबईत कुठे आग लागली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, अग्निशमन दलाची एनओसी विकत मिळते. दुसरा मला ऐकवतो, "तुमच्या अमेरिकेत बरं, कायदे कडक!"

कडक? नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेटमध्ये १९९१ साली कोंबडीप्रक्रिया कारखान्यात आगीत २५ कामगार मेले. दारांना कुलपं होती.

मी कॅलिफोर्नियात आहे. इथल्या कामगार-सुरक्षा नियमावलीत कलम ३२२० आहे, आणीबाणीच्या आराखड्याचं. कुठून बाहेर पडायचं, यंत्रं बंद करायला मागे कोण थांबणार, बाहेर आल्यावर सगळे आले का हे कसं मोजायचं, हे लिहून ठेवावं लागतं. दहा किंवा त्याहून कमी माणसं असतील तर तोंडी सांगितलं तरी चालतं. कागदाचं म्हणाल तर इथेही तो उतरवून काढता येतो. माझ्या आधीच्या नोकरीत आराखड्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं!

पण त्यातली मोजणीची अट मला महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो: अग्निशमन यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सी लिहून देते. ते हवंच. मात्र आपला सगळा वाद त्या फॉर्मभोवतीच फिरतो, खरा की खोटा. माणसांचं काय, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी आग लागली तर आमच्या मजल्यावरच्यांना बाहेर काढायची जबाबदारी माझ्याकडे आली. सरावाच्या दिवशी पार्किंगमध्ये मोजले तर ४१, यादीत ४२. मी सगळ्या खोल्या बघितल्या होत्या, टॉयलेट सोडून. बेचाळिसावा तिथेच होता, कानात हेडफोन. मला मुंबईतलं कमला मिल आठवलं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेचसे टॉयलेटमध्ये सापडले. त्या दिवसापासून मी आधी टॉयलेटचं दार ठोठावतो.

परवा ग्रुपवर वाद तापला तेव्हा मी एवढंच विचारलं: तुमच्या ऑफिसात आग लागली तर बाहेर पडून जमायचं कुठे?

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाचं उत्तर आलं, "चहाच्या टपरीवर."

निदान ती जागा सगळ्यांना ठाऊक तरी आहे.