आधी आकडा, मग नावं

भेटवस्तूंची यादी महिनाभर आधी केली की सणाचा खर्च आटोक्यात राहतो, असं सणासुदीच्या बजेटवरच्या एका लेखात म्हटलंय. माझं मत उलट आहे. यादी लवकर केली की ती वाढतच जाते. एका जावेच्या मुलांना दिलं, मग दुसरीच्या मुलांना नको का? आधी एकूण रक्कम ठरवायची आणि मग नावं लिहायची, हाच क्रम बरा. पॅकिंगचा कागद, कुरियर, ऐनवेळी आठवलेले शेजारी, सगळं त्याच रकमेत बसवायचं.

उधारीचा मुद्दा मात्र लेखात फारच उडत उडत आलाय. क्रेडिट कार्डावर पूर्ण बिलाऐवजी नुसती 'किमान रक्कम' भरली की विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीलाही सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींचा हिशोब मांडला होता. घेणाऱ्याच्या लेखी त्यांचं मोल प्रत्यक्ष किमतीपेक्षा 10 टक्के ते एक तृतीयांश कमी भरलं. (भावनिक मोल त्यात धरलं नव्हतं, हेही खरं.) तरी सरळ 'तुला काय हवंय?' विचारायला आपण एवढे का लाजतो, कळत नाही. पुतण्याला विचारलं, तर पठ्ठ्याने सायकलचं पंक्चर काढून मागितलं!