नळी सैल करा आणि बोट लावा म्हणे!

परवा रात्री आतेभावाचा फोन. "दादा, नोझलच्या नळीला १९ चा पाना बसेल ना?" म्हटलं कशाला रे, तर म्हणे ग्रुपवर आलंय, थंडीत प्रेशर का पडतं ते ५ मिनिटांत ओळखा. स्वतःचा ट्रक आहे त्याचा, कॉमन रेलचा (पंप एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं), सकाळी सेल्फ खात होता आणि स्क्रीनवर फ्युएल प्रेशर लो. म्हणून हा पाना घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालून उभा.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: थंडीत प्रेशर कमी दाखवलं म्हणजे डिझेलचा पंप गेला. खात्री करायला एकाला सेल्फ मारायला बसवा, नोझलची नळी सैल करा, बोट लावा, धार जोरात लागली नाही तर पंप बदला. तोवर टाकीत पेट्रोल मिसळा, टाकीखाली पेटता बोळा धरा, फिल्टर काढून नळी थेट जोडा, नाहीच झालं तर ईथर, म्हणजे चटकन पेटणारा स्टार्टिंग स्प्रे, मारा. आणि रोज रात्री टाकी फुल ठेवा.

आधी बोटाचं बोलू, कारण बाकी सगळ्यात गाडी खराब होईल, यात हात जाईल. ट्रकच्या टायरात साधारण ८ बार हवा असते. ७ बारच्या आसपासची बारीक धारसुद्धा कातडी फोडून आत जाऊ शकते. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना १६००, १८००, काही गाड्यांत २००० बारच्या वर प्रेशर असतं, आणि नुसत्या सेल्फवरसुद्धा इंजिन पकडायला बहुतेक ठिकाणी २००-३०० बार लागतं. डिझेल आत शिरलं तर वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, माणूस पुसून कामाला लागतो आणि काही तासांनी बोट सुजून काळंनिळं पडतं. मग ऑपरेशन, उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं कधी झालंच तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

बरं, एवढं करून कळणार काय? काही नाही! सगळे इंजेक्टर, म्हणजे नोझल, एकाच रेलवर असतात, एक नळी सैल केली की रेलचं प्रेशर तिथूनच निघून जातं, म्हणजे कालच बसवलेला नवा कोरा पंपही या टेस्टमध्ये फेलच होणार. जुन्या इनलाइन पंपाला प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दट्ट्या, वेगळा असायचा, तेव्हा नट सैल करून एअर काढायची रीत होती हे खरं, पण बोट तेव्हाही कुणी लावत नव्हतं.

आता "थंडीत प्रेशर कमी म्हणजे पंप गेला". उलट आहे हो. झिजलेला पंप आणि गळके इंजेक्टर बहुतेक वेळा इंजिन गरम झाल्यावर उघडे पडतात, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि फटीतून जास्त निसटतं. फक्त थंडीतच प्रेशर पडत असेल तर पंपावर शेवटी संशय घ्या. आधी बॅटरी बघा, गारठ्यात तिचा जोर कमी होतो, सेल्फ हळू फिरतो आणि पंप हळू फिरला तर रेल भरणार कशी? मग एअर. ओ-रिंगा थंडीत आखडतात, रात्रभर उभी गाडी एअर घेते, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या, अलीकडे टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतील. तिथेच व्हॅक्युम गेज लावा, मॅन्युअलमधल्या लिमिटपेक्षा जास्त ओढ दाखवली तर अलीकडे कुठेतरी चोंदलंय, फिल्टर नाहीतर डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधलं गोठलेलं पाणी. गाडी चालू होते, थोडी पळते आणि लोडवर दम सोडते, हे तर चोंदलेल्या फिल्टरचंच लक्षण. हे सगळं ठीक निघालं की इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, मोजा आणि मगच पंपाला हात लावा.

पेट्रोलबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो. जुन्या गाड्यांच्या काही मॅन्युअलमध्ये कडक थंडीत थोडं पेट्रोल चालेल असं लिहिलेलं असायचं. पण आताच्या पंपाला वंगण डिझेलचंच. डिझेलचं युरोपियन स्टँडर्ड ईएन ५९० काढून बघा, त्यात वंगणाची टेस्ट आहे, घासल्याची खूण ४६० मायक्रॉनच्या वर गेली तर ते डिझेल नापास. पेट्रोल घालून तुम्ही तेच वंगण मारताय. त्याच स्टँडर्डमध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते तो, ५५ अंशांच्या वर हवा असं आहे, आणि पेट्रोलचा उणे ४० च्या आसपास. म्हणजे आधी टाकीत पेट्रोल ओता आणि मग तिच्याखालीच बोळा पेटवा, हे लिहिणाऱ्याने दोन ओळी सलग वाचल्या तरी होत्या का?

गारठ्यात डिझेलमध्ये मेण धरतं आणि ते फिल्टर चोंदवतं, त्यावरचा उपायही त्याच स्टँडर्डमध्ये आहे. ईएन ५९० मध्ये थंडीप्रमाणे डिझेलचे ए ते एफ असे ग्रेड आहेत, अधिक ५ पासून उणे २० अंशांपर्यंत बारीक जाळीतून ओढलं जाईल असे. आपल्या थंडीला पुरेल तो ग्रेड भरा. अँटीजेल, म्हणजे मेण धरू न देणारं औषध, घालायचं तर मेण धरायच्या आधी, नंतर ओतून काही होत नाही.

फिल्टर काढून थेट नळी जोडली तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही घालवाल, यावर जास्त बोलायचीही गरज नाही. ईथरचंही तेच, हवेच्या वाटेवर हीटर असेल तर तिथेच भडका.

भावाच्या गाडीत काय निघालं? फिल्टर कापला तर घड्यांमध्ये पांढरट मेण, विझलेल्या मेणबत्तीसारखं. नवा फिल्टर, हातपंपाने एअर काढली, तिसऱ्या सेल्फला चालू. पंप तोच आहे.

आणि हो, रात्री टाकी फुल ठेवायचं बरोबर आहे. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी कमी साचतं. मेसेजमधल्या सगळ्या सल्ल्यांतला हा एकच खरा.