कण्हेर, बोगनवेल ‘बिनपाण्याची’ झाडं नाहीत

‘कण्हेर, बोगनवेल लावा आणि विसरा, पाणी लागतच नाही’ असा मजकूर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ही झुडपं कोरडा काळ काढतात ती खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर. नव्या रोपाची मुळं मात्र पिशवीतल्या मातीपुरतीच असतात. म्हणून पहिली एक-दोन वर्षं पाणी द्यावंच लागतं. रोज शिंपडू नका, त्याने मुळं वरच्या थरातच रेंगाळतात. रुंद आळं करून माती वीतभर खोल भिजेल इतकं द्या, वर पालापाचोळा पसरा. बोट खुपसून पाहा: दोन पेरं खाली ओल लागली तर थांबा. कुंडीतल्या झाडाची मुळं खोल जाऊच शकत नाहीत, म्हणून त्याला पाण्याविना राहण्याची सवलत कधीच नाही. आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो, हे त्या मजकुरात कुठेच नाही. लहान मुलं, गुरं असतील तिथे ती लावूच नका.