मांडीवर येऊन चावणारी मनी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मांजरांच्या चावण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत. त्यातला वाद नंतर घालू, आधी तुमचा अंगठा. परवा रात्री तुमच्या मांजरीचे, मनीचे, दोन दात त्यात रुतले आणि 'हळद दाबली, रक्त थांबलं' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. वरचं भोक तासाभरात मिटतं आणि तोंडातले जंतू आत, अगदी सांध्यापर्यंत, कोंडले जातात. अंगठा सुजून ठणकत असेल किंवा लाल रेघ मनगटाकडे सरकत असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, दवाखाना गाठा. सूज नसली तरी जायचंच आहे. रक्त काढणारा चावा रेबीजच्या हिशेबात सर्वात वरच्या श्रेणीत मोडतो. कातडीत दिली जाणारी लस ० (म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूतली असेल तर १४ वा दिवसही धरून पाच वेळा. सोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) द्यायचं का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. मनीला दरवर्षी लस दिलेली असेल तर तेही त्यांना सांगा, पण निर्णय त्यांचा. दोन दिवस गेले म्हणून टाळू नका. पुढच्या वेळी हळद, चुना, तिखट काही नको. वाहत्या नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि वर पोव्हिडोन आयोडीन लावा.

आता तुमचा मुद्दा. 'मांजर अचानक चावत नाही' हे माझं वाक्य तुम्हाला खोटं वाटलं, कारण मनी स्वतःहून मांडीवर येते, घुरघुरते, तुम्ही डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवता आणि पाच-सात मिनिटांत ती कचकन चावते. तीन सेकंद गोंजारा आणि थांबा, हा माझा नियम तुमच्या मते परदेशी थेर. आणि तुमच्या आजीच्या घरी नाकावर एक टिचकी मारली की मांजर सरळ व्हायचं, असंही तुम्ही लिहिता.

तीन सेकंदांचं अर्धं मान्य. मी ते घड्याळ लावल्यासारखं लिहिलं, ती चूक. सेकंद मोजायचे नसतात, तीन-चार हात फिरवून हात उचलायचा आणि मांजर काय करतं ते बघायचं. डोकं पुढे करून हाताला गाल घासला तर चालू ठेवा. नुसतं बसून राहिलं तर बसू द्या. मांडी उबदार असते, मांजर बऱ्याचदा तेवढ्यासाठीच येतं. घुरघुरीवरही फार विसंबू नका, दुखण्यात आणि भीतीतही मांजरं घुरघुरतात.

टीव्ही चालू असताना मनीच्या तोंडाकडे तुमचं लक्ष नसणार, म्हणून हे आज रात्री टीव्ही बंद करून बघा. आधी शेपटीचं फक्त टोक हलतं, बोटाच्या पेराएवढं, बाकी शेपूट निवांत. मग कमरेवरची कातडी सरसरते, माशी बसल्यावर गाईची थरथरते तशी. कान पुढे असतात ते बाजूला वळतात आणि समोरून त्यांची आतली बाजू दिसेनाशी होते. घुरघुर मध्येच थांबते. डोकं तुमच्या हाताच्या दिशेने झटक्यात वळतं. दात त्यानंतर येतात. पहिल्या खुणेपासून चाव्यापर्यंत कधी अर्धं मिनिट जातं, कधी दोन सेकंद.

हात कुठे फिरतो, यावरही बरंच अवलंबून आहे. मांजरं एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोकं आणि मान, तीही थोडा वेळ. गाल, हनुवटी, डोळा आणि कान यांच्यामधली जागा इथे त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात, तिथला हात बहुतेकांना चालतो. शेपटीच्या मुळाशी सर्वात कमी. तुम्ही लिहिता, 'तिथे खाजवलं की ती पाठ उचलते, म्हणजे आवडतं'. पुष्कळ मांजरांची पाठ तिथे हात लागला की आपोआप उचलली जाते. तेवढ्यावरून आवड ठरत नाही, उलट तिथेच ती लवकर चेकाळतात. 'परदेशी' म्हणाल तर हो, लंडनच्या बॅटरसी निवाऱ्यातल्या मांजरांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मांजराला निवड देऊन, डोक्यापुरताच हात लावून आणि खुणा बघून हाताळलं, तेव्हा त्यांचं चावणं-बोचकारणं कमी झालं. ग्रंथी इंग्लंडच्या मांजराला जिथे असतात तिथेच रत्नागिरीच्या मांजरालाही असतात.

आजीच्या टिचकीबद्दल मला वेगळं वाटतं. त्या घरातलं मांजर चुलीशी झोपायचं, माशाची डोकी खायचं, कुणी जवळ आलं की माळ्यावर पळायचं. त्याला मांडीवर घेऊन अर्धा तास कुणी कुरवाळत बसत नव्हतं. चावायची वेळच कमी यायची, श्रेय मात्र टिचकीला. फ्लॅटमधल्या मनीला माळा नाही. तिला टिचकी मारली की ती शेपूट हलवणं, फिस्कारणं सोडून देते, कारण त्यावर मार बसतो. मग उरतो तो खरोखरच बिनइशाऱ्याचा चावा. पाण्याचा फवारा मारण्याचंही तेच.

पण तुमच्या प्रतिक्रियेतली सर्वात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे: मनी तेरा वर्षांची आहे आणि हे चावणं गेल्या वर्षभरातलं. माझ्या मूळ लेखात दुखण्यावर एकच वाक्य होतं. तिथे मी कमी पडलो. बारा वर्षे आयुष्य शांत गेलेलं मांजर कमरेला हात लागताच चावायला लागतं, तेव्हा स्वभाव बदलला असं मानण्याआधी कंबर दुखते का ते तपासायचं. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे बघितले गेले, त्यांतल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. मांजर क्वचितच लंगडतं. ते पलंगाशेजारी उभं राहून उडीचा अंदाज घेत राहतं, किंवा आधी स्टुलावर आणि मग पलंगावर चढतं. कमरेपर्यंत जीभ पोचत नाही म्हणून तिथे केसांच्या गुठळ्या होतात. नख्या वाढून गादीत अडकतात. रेतीच्या ट्रेची कड उंच असेल तर शेजारीच शू होते. यातलं काही दिसलं तर पशुवैद्याकडे न्या, आणि दात व थायरॉइडही तपासून घ्या.

तोवर घरातली क्रोसिन किंवा दुसरं कुठलंही माणसांचं वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

दुखणं निघालं नाही, किंवा औषधाने आटोक्यात आलं, की मग हात शिकवायचा, म्हणजे तुमचा. कितव्या हाताला शेपटीचं टोक हललं ते तीन-चार दिवस मोजा. समजा आठव्याला. मग आठवडाभर चौथ्याला थांबा आणि वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, मीठ आणि कांदा नसलेला. नंतर दर तीन-चार दिवसांनी एक हात वाढवा. टोक परत हललं तर दोनने मागे. बोट तोंडात धरलंच तर हिसकू नका. हिसकलं की शिकार पळते असं समजून पकड घट्ट होते आणि कातडी फाटते. हात ढिला सोडा, किंचित तिच्याकडेच ढकला, पकड सुटली की न ओरडता उठा.

पशुवैद्याकडे जाण्याआधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा: मनी सोफ्यावर चढताना आणि उतरताना, बाजूने. तपासणीच्या टेबलावर ती भीतीने दगडासारखी बसेल आणि तिची चाल कुणालाच दिसणार नाही. काय निघालं ते इथेच खाली लिहा. अंगठ्याचंही.