लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागतेच

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर फिरतंय: ‘खाण पाच हेक्टरांपेक्षा लहान असेल तर पर्यावरण मंजुरी लागत नाही, सरपंचाची सही पुरते.’ फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी रागावू नये, पण हे चूक आहे. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितलं, की गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड वगैरे) पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही, म्हणजे खाणीसाठी भाडेकराराने दिलेल्या जमिनीलाही, ही मंजुरी हवी. सूट असते ती जनसुनावणीची. लगतच्या खाणी मिळून क्षेत्र पाच हेक्टरांवर गेलं, की तीही जाते. पट्टा राज्याच्या 1996 च्या गौण खनिज नियमांखाली मिळतो, सरपंच तो देत नाही.

उलट बाजूचा ‘ग्रामसभेची शिफारस पेसाने बंधनकारक आहे’ हा दावाही इथे टिकत नाही. पेसा म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा कायदा. ती अट अनुसूचित क्षेत्रांपुरती, म्हणजे राज्यघटनेखाली तसे जाहीर झालेल्या आदिवासी भागांपुरती. ग्वाल्हेर जिल्हा त्यात नाही.