उचलून घेतल्याने बाळ बिघडत नाही

मुंबईत गिरगावापासून बोरिवलीपर्यंत, ज्या घरात नुकताच पाळणा हलला आहे तिथल्या व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास येतो. बाळ रडले की लगेच उचलू नये, कारण हातांची सवय लागली की ते आईला नाचवते. थोडे रडल्याने फुफ्फुसे बळकट होतात. बाळ सारखे रडते म्हणजे आईचे दूध पुरत नाही. आणि नीट ऐकल्यास पाच ठरावीक आवाजांवरून रडण्याचे कारण कळते, असा त्याचा आशय असतो. पहिल्या काही आठवड्यांत बाळंतिणीची झोप तुटलेली असते आणि तिचा स्वतःवरचा विश्वासही डळमळीत असतो. नेमका तेव्हाच हा संदेश तिच्या हाती पडत असल्याने त्यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वाधिक नुकसान करणारे विधान सवयीचे आहे. दीड-दोन महिन्यांचे बाळ डाव रचून रडत नाही. ‘मी रडलो की आई हातातले काम टाकून येईल’ असा हिशेब करण्याइतकी समज त्याला आलेलीच नसते. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत २६ बाळांचे त्यांच्या घरी जाऊन वर्षभर निरीक्षण केले होते. ज्यांच्या रडण्याला आया तत्परतेने धावून गेल्या ती बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती, असा निष्कर्ष त्यांनी १९७२ साली मांडला. त्यांच्या पद्धतीवर पुढे रास्त आक्षेपही घेतले गेले. १९८६ साली कॅनडात हन्झिकर आणि बार यांनी ९९ माय-लेकरांवर प्रयोग केला. त्यात काही आयांना बाळ रडत नसतानाही रोज निदान तीन तास कडेवर घेण्यास सांगितले होते, आणि सहाव्या आठवड्यात त्यांची बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. मात्र अतिशय रडणाऱ्या बाळांवर नंतर हाच उपाय करून पाहिला तेव्हा तसा गुण आला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात, पहिल्या सहा महिन्यांत ज्यांना कधीमधी रडू दिले गेले होते अशा बाळांच्या आईशी असलेल्या नात्यावर दीड वर्षाच्या वयात वाईट परिणाम दिसला नाही, आणि ती पुढे अधिक रडली असेही आढळले नाही. म्हणून उचलायला पाच मिनिटे उशीर झाल्याने बाळाचे कायमचे नुकसान होते, असा उलटा धाक कोणी घालू नये. न्हाणीघरात असलेल्या किंवा गॅसवर दूध ठेवलेल्या आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु उचलून घेतल्याने बाळ बिघडते, हे यांपैकी कशातूनही निघत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायका ‘ठेव गं खाली’ म्हणतात तेव्हा त्यामागे सुनेच्या पाठीची काळजी असू शकते. त्यावर खरा उपाय एवढाच, की बाळ आजीने, आजोबांनी आणि बाबांनीही घ्यावे.

फुफ्फुसांबद्दल थोडक्यात सांगता येईल. जन्मल्याबरोबरच्या पहिल्या श्वासांना आणि रडण्याला महत्त्व आहे, कारण तेव्हा फुफ्फुसांतील द्रव जाऊन तिथे हवा भरते. त्यानंतर रडणे हा फुफ्फुसांचा व्यायाम नव्हे.

दुधाविषयीचे विधान मात्र घातक आहे. रडणे पाहून डब्यातल्या पावडरचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी पिते, कमी प्यायल्याने आईचे दूध कमी बनते, आणि संदेशाने वर्तवलेली टंचाई अशा रीतीने प्रत्यक्षात येते. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून नव्हे, लंगोटांवरून आणि वजनकाट्यावरून ठरवावे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून निघाले असेल आणि पुढे ते वाढत असेल, तर दूध पुरते आहे. काही आयांना दूध खरोखरच कमी येते. त्यांनी डॉक्टरांना वजन दाखवून निर्णय घ्यावा. सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी पेढी, सुरू झाली, आणि त्याच शहरात आईच्या दुधावरचा भरवसा एका संदेशाने ढळावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाच आवाजांची कल्पना आकर्षक आहे, पण तिला भक्कम शास्त्रीय आधार मिळालेला नाही. रडण्यावरून त्रास किती तीव्र आहे हे बरेचसे कळते. तो कशाचा आहे हे केवळ आवाजावरून खात्रीने सांगता येत नाही. आईला कारण कळते ते शेवटचे दूध केव्हा पाजले, झोप किती झाली, लंगोट ओला आहे का, यांवरून. भूक लागलेले बाळ रडण्याआधीच तोंड वळवून शोधू लागते, मूठ चोखते. मुंबईच्या मे आणि ऑक्टोबरमधल्या दमट उकाड्यात कुंची, टोपडे, मोजे असा जामानिमा केलेले बाळ रडू लागले, तर आधी त्याच्या मानेमागे हात लावून घाम आला आहे का ते पाहावे.

काही वेळा कोणतेच कारण सापडत नाही. बाळ दिवेलागणीलाच का रडते, हा प्रश्न घरोघरी पडतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली नोंदवले होते की निरोगी बाळांचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि संध्याकाळी वाढते. तीन-चार महिन्यांत ते बरेच ओसरते. दृष्ट काढण्याने कोणाच्या मनाला धीर येत असेल तर ती जरूर काढावी, पण चाळीच्या बंद खोलीत धुरी करू नये आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

जे सांगायलाच हवे होते, ते या संदेशात नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, ते दूध ओढत नसेल, हिरवी उलटी करत असेल, शौचातून रक्त जात असेल, मलूल पडले असेल किंवा रडण्याचा सूर एकाएकी वेगळा आणि किंचाळल्यासारखा झाला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; श्वास घेताना त्रास दिसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा. आणि यांतले काहीच नसताना, रात्री दोन वाजता, सर्व करूनही रडणे थांबत नसेल आणि आपलाच तोल जातो आहे असे वाटले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून काही मिनिटे गॅलरीत जावे, घरातल्या दुसऱ्या कोणाला उठवावे. त्याला गदागदा मात्र कधीही हलवू नये, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.